काळे कोणी व्हायचे?

"आबा, हा धडा वाचून बरं वाटलं. माणसानं कितीही धूर ओकला तरी निसर्ग जुळवून घेतो."

"कोणी जुळवून घेतलं गं?"

"मँचेस्टरच्या पतंगांनी. मिरपूड भुरभुरल्यासारखे पांढुरके होते ते. गिरण्यांच्या धुरानं झाडांवरचं दगडफूल मेलं, खोडांवर काजळी बसली आणि पतंग काळे झाले."

"एकही पतंग काळा 'झाला' नाही, बाळा. काळा जन्मलेला काळाच मेला, पांढरा जन्मलेला पांढराच. जनुकातला तो बदल योगायोगाचा. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१६ साली त्याचा काळ काढला, तो १८१९च्या आसपासचा. १८४८मध्ये मँचेस्टरला काळा पतंग सापडला, तेव्हा तो नवलाचा होता. काजळलेल्या खोडावर पांढरा पतंग पक्ष्याला लगेच दिसायचा आणि चोचीत जायचा. १८९५पर्यंत तिथे शंभरातले अठ्ठ्याण्णव काळे. धड्यात याला 'अनुकूलन' म्हणतात. त्या शब्दाखाली खाल्ले गेलेले पांढरे पतंग आहेत, ते कोणी मोजलेले नाहीत."

"पण जात टिकली ना?"

"टिकली, कारण काळा रंग तिच्यात आधीच आला होता. दगडफुलाकडे तसं काही नव्हतं. ते गेलं."

ती बराच वेळ गप्प होती.

"मग उलटं विचारते. १९५६मध्ये ब्रिटननं स्वच्छ हवेचा कायदा केला. हळूहळू खोडं उजळली आणि काळे उघडे पडले. मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजजवळ सहा वर्षांत ४,८६४ पतंग सोडून पाहिलं, तर पक्षी काळ्यांनाच जास्त टिपत होते. त्या काळ्यांचं काय चुकलं होतं? हवा स्वच्छ करणाऱ्यांच्या माथी ते मरण येत नाही?"

"येतं. ते नाकारणं खोटेपणाचं होईल. खोडाचा रंग बदलला की कोणाचा तरी आडोसा जातोच. पण काजळी बसवताना कोणाच्याच जिवाचा विचार झाला नव्हता. ती हटवली श्वासासाठी. मेलेल्या पतंगाला हा फरक कळत नाही. आपल्याला कळायला हवा."

"आणि माणसानंच धुराशी जुळवून घेतलं तर?"

"पतंगाची पिढी एका वर्षाची. १८४८ ते १८९५ म्हणजे त्यांच्या सत्तेचाळीस पिढ्या, आपल्या जेमतेम दोन. शिवाय जुळवून घेणं म्हणजे काय, ते आता तुला ठाऊक आहे. ज्यांची फुप्फुसं तगणार नाहीत, त्यांना जाऊ द्यायचं. १९५२च्या डिसेंबरात लंडनच्या धुरक्यात हजारो माणसं गेली. त्यांत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं जास्त होती. तो कायदा त्यानंतर चार वर्षांनी झाला."