बरोबरीत सुटलेला सामना

भातकापणी उरकली की पनवेल तालुक्यातल्या गावांत कबड्डीचे सामने लागतात. कडेला कनाती, चारी कोपऱ्यांत दिवे आणि फायनल बहुतेक पहाटेच. मी या सामन्यांचा जुना प्रेक्षक. जागरणं करकरून एक मत हळूहळू पक्कं होत गेलं: बरोबरी ही कबड्डीची मूळची गोष्ट नव्हेच. ती घड्याळाबरोबर आली आणि आता घड्याळवालेच तिला हाकलायला निघालेत.

जुन्या कबड्डीचे तीन प्रकार सांगतात. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडत नसे, समोरच्यांना गुण तेवढा मिळे. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. असे पाच किंवा सात लोण जो आधी देईल तो जिंकला. वेळेचं बंधन नाही, त्यामुळे बरोबरीचा प्रश्नच नाही. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला एक उठतो. आजची कबड्डी याच प्रकारातून आली. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव ठरले, शिट्टी वाजली की खेळ संपला, आणि गुणफलकावर सारखेच आकडे दिसण्याची शक्यता तेव्हा जन्माला आली.

मैदानाचं मात्र उलटं झालं. तिथे अनिश्चितता आधीपासून होती आणि नियम तिच्याशी जुळवून घेत आले. नियमाप्रमाणे मैदान सपाट आणि मऊ हवं. माती, शेणखत, लाकडाचा भुसा यांचं. प्रत्यक्षात ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, माती चाळायची, पाणी मारून रात्रभर मुरू द्यायची आणि धुमसाने चोपायची. वर फक्कीच्या रेषा. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्या रेषा पायाखाली पुसल्या जातात आणि मग बोनसवरून जुंपते. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, मागचा त्या क्षणी हवेत होता, हे सगळं खरं. पण रेषा होती कुठे? पंच खाली वाकून बघतो, दोन्हीकडचे कप्तान त्याच्यासोबत वाकतात, तोवर एक पोरगा फक्कीचं घमेलं घेऊन धावत येतो. एका कोपऱ्यात माती भुसभुशीत असते, तिथे पाय फसतो. ते यजमान गावाला ठाऊक असतं, पाहुण्यांना नसतं. म्हणून मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या. मला हा कबड्डीतला सर्वांत शहाणा नियम वाटतो. मॅटवर दोन्ही बाजू सारख्याच असतात, तरी बाजू बदलतातच!

मॅट आली ते बरंच झालं. गुडघे वाचले, पावसाळ्यात छपराखाली सामने होऊ लागले. पण मॅटबरोबर बूट आले आणि खेळ वेगवान झाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तिसाव्या सेकंदाला संपणारी चढाई घरोघर दिसू लागली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. हा नियम मला मनापासून आवडतो. आघाडी घेऊन नुसता दम घुमवत वेळ काढणाऱ्यांनी आमच्या किती रात्री खाल्ल्या आहेत.

बरोबरीच्या बाबतीत मात्र माझं जमत नाही. बादफेरीत निकाल लागलाच पाहिजे, त्यासाठी दोन्ही संघांना पाच-पाच चढाया, इथवर ठीक. त्यानंतर सुवर्ण चढाई, आणि ती आधी कोणाची हे नाणेफेकीवर. प्रो कबड्डीत साखळीतल्या बरोबरीला दोघांना तीन-तीन गुण मिळत. २०२५ च्या बाराव्या हंगामात तेही गेलं, साखळीतल्या सामन्यालाही निकाल सक्तीचा झाला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची वाटचालही अशीच आहे. २०१० ची त्यांची अंतिम लढत कॉलिंगवुड आणि सेंट किल्डा यांच्यात ६८-६८ अशी सुटली, तेव्हा पुढच्या आठवड्यात अख्खा सामना पुन्हा खेळवला. कॉलिंगवुड ५६ गुणांनी जिंकलं. २०१६ मध्ये ती प्रथा मोडून जादा वेळ आणला. पण त्यांच्या मैदानांना अजून एक ठरीव माप नाही. लांबी १३५ मीटरपासून १८५ मीटरपर्यंत काहीही चालते. आमचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, इंचभर इकडे-तिकडे चालत नाही.

सगळं इतकं मोजूनमापूनही हांगझोऊत काय झालं? २०२३ च्या आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत-इराण २८-२८, मिनिटभराचा खेळ बाकी. पवन सेहरावत कोणालाही न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. जुन्या नियमाने सगळे बाद, प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. पुस्तकं दोन, सामना एक. तासभर खेळ थांबला, निर्णय फिरत राहिला. शेवटी भारताला तीन, इराणला एक. भारत ३३-२९ ने जिंकला. सुवर्णपदक आपलंच, तरी तो तास बघवत नव्हता. आमच्या गावच्या सामन्यात फक्कीचं घमेलं आलं असतं आणि पाच मिनिटांत वाद मिटला असता, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर तिथे कनातच पडली असती.

म्हणून इकडच्या मंडळांना माझं सांगणं एवढंच. कोणतं पुस्तक धरणार ते सामन्याआधी माइकवरून सांगा. साखळीत बरोबरी झाली तर गुण वाटून द्या, बादफेरीत पाच चढायांनी भागलं नाही तर आणखी पाच द्या, आणि नाणं उडवायचं ते फक्त सामना सुरू होताना.