सोडली आणि सुटली

पाप केलं की शिक्षा आणि पुण्य केलं की बक्षीस, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. सिगरेट सोडल्यापासून ती पार डळमळली आहे. ३२ वर्षं मी रोज इमानेइतबारे पंधरा सिगरेटी ओढल्या, तेव्हा सकाळी पोट वेळेवर साफ व्हायचं, झोप लागायची आणि पँट कमरेला नीट बसायची. सोडल्याला आठ दिवस झाले नाहीत तोच बद्धकोष्ठ झालं, तोंड आलं, रात्री दोनला टक्क जाग येऊ लागली आणि खोकला तर असा लागला, की शेजारचे काका काळजीनं विचारून गेले, "काय हो, वाढवलीत वाटतं?"

डॉक्टरांकडे गेलो. ते चक्क खूश झाले! म्हणाले, "श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात. कफ वर ढकलायचं काम त्यांचं. धुरानं ते लुळे पडले होते, आता कामाला लागले." संप मिटून झाडूवाले कामावर आले, की पहिले काही दिवस गल्लीत धूळ जास्तच उडते, त्यातलाच हा प्रकार.

सिगरेटच्या जागी मी चहा वाढवला होता. त्यानं छाती धडधडायला लागली. त्याचाही खुलासा तयार होता. धुरामुळे यकृत चहातलं कॅफीन भराभर निकालात काढत असे. आता ते सावकाश काम करतं, म्हणून तोच कप जास्त चढतो. म्हणजे चहाही कमी करा! "पहिले तीन-चार दिवस फार वाईट, मग तीन-चार आठवड्यांत ओसरेल," डॉक्टर म्हणाले. "वजन चार-पाच किलो वाढेल, पण घाबरू नका."

शरीराचं एक वेळ ठीक आहे. खरा प्रश्न पुढेच आहे. पुण्य करणाऱ्याला चिडायचा हक्क असतो का? माझ्या मते होता. पोहे गार झाले, चिडलो. पेपरची घडी उलटी पडली, चिडलो. 'मी एवढा त्याग करतोय आणि या घरात कुणाला कदर नाही!' हे वाक्य मी तीन आठवड्यांत इतक्यांदा म्हणालो, की शेवटी चिरंजीव हात जोडून म्हणाले, "बाबा, एक ओढा. आम्ही काही म्हणणार नाही." बायको मात्र गप्प होती.

चौथ्या आठवड्यात माझं नाक परत आलं. थंडी पडली म्हणून कोट काढायला कपाट उघडलं, तर आतून आंबूस, जळकट भपकारा!

"हे काय कुजलंय इथे?" मी ओरडलो.

"तुमचा कोट," ती म्हणाली.

कोटाशेजारी तिच्या साड्या होत्या. मी एक हुंगली. तोच वास. मग उशी, मग पडदे.

"तुला हा वास येत होता?"

"रोज."

"मग बोलली नाहीस कधी?"

"पहिली चार वर्षं बोलत होते की."

२००८ साली २ ऑक्टोबरला देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या परक्या माणसाला त्या दिवसापासून कायद्यानं माझ्यापासून वाचवलं. घरातल्या माणसासाठी मात्र कायदा नव्हता. तिथे मीच काय तो होतो, आणि मी बाल्कनीतसुद्धा गेलो नाही. माझ्या चार आठवड्यांच्या खोकल्याचा हिशेब मी साऱ्या घराला ऐकवत होतो. तिच्या ३२ वर्षांचा हिशेब तिनं एका वाक्यात संपवला, तोही मी विचारला म्हणून.

त्या दुपारी साड्या आणि पडदे मी स्वतः धुऊन वाळत घातले. कोट तेवढा तसाच ठेवलाय. चिडचिड अजून होते. झाली की कपाट उघडतो, एक दीर्घ श्वास घेतो आणि गार पोहे मुकाट्यानं खातो.

लोक अजून विचारतात, "काय, सोडलीत म्हणे?"

मी म्हणतो, "सुटली."

कोण, ते सांगत नाही.