वाडीत काय तयार होतं?

‘एका वर्षात देशाच्या सीमेत तयार झालेल्या सर्व अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन.’ व्याख्या पाठ होते, पण नागपूरजवळच्या वाडीतल्या मुलाला तिचं काय करायचं ते कळत नाही. अमरावती रोडवरच्या या गावात त्याला दिसतात गोदामं, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या, माल चढवणारे-उतरवणारे हमाल. जवळच अंबाझरीचा आयुध कारखाना आहे, हिंगण्याची एमआयडीसी आहे. तिथं काहीतरी घडतं. गोदामात शिरलेला पंखा मात्र पंखा म्हणूनच बाहेर पडतो. मग वाडीनं देशाच्या उत्पादनात भर काय घातली?

शिकवायला सुरुवात इथूनच करावी. समजा, कारखान्यातून पंखा १५०० रुपयांना निघाला आणि दुकानात २००० ला विकला गेला. मुलं चटकन ३५०० म्हणतील. म्हणू द्यावं. दुकानाच्या २००० मध्ये कारखान्याचे १५०० आधीच आहेत, हे त्यांचं त्यांनाच सापडलं पाहिजे. उरलेल्या ५०० मध्ये हमाली आहे, गोदामभाडं आहे, गाडीभाडं आहे, दुकानदाराचा नफा आहे. वाडीचा वाटा त्यातच. तोही सगळा नाही: गाडीभाड्यातून डिझेल आणि टायर वजा करायचे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात लागलेले असतात. कारखान्याच्या १५०० मधलं तांबं परदेशातून आलं असेल, तर देशाच्या हिशेबातून तेही वजा.

एवढं जमलं की खरा पेच येतो. ड्रायव्हरनं धाब्यावर थाळी खाल्ली, तर स्वयंपाक्याची मेहनत उत्पादनात जमा होते. घरून डबा आणला, तर पीठ-भाजी हिशेबात येते. तो रांधणाऱ्या बाईची मेहनत येत नाही. ‘तिला पैसे मिळत नाहीत म्हणून’ हे सोपं उत्तर टिकत नाही. शेतकऱ्यानं घरी खायला ठेवलेली ज्वारी धरली जाते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं न दिलेलं भाडंसुद्धा अंदाजानं धरतात. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. म्हणजे मोजता येत नाही, ही सबबही लंगडी. बाजारातली मंदी-तेजी आणि रोजगार पाहायला देशांतर्गत उत्पादनाचा आकडा हवा, घरकाम धरलं तर ते चढउतार त्यात बुडून जातील, हे कारण त्यातल्या त्यात प्रामाणिक. मला ते पुरेसं वाटत नाही, पण मुलांना ते सांगायला हवं.

काय धरायचं आणि काय सोडायचं हे माणसांनी बसून ठरवलं आहे. भारताच्या १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते; अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर त्यात होते नागपुरात वाढलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मोजणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी तर १९३४ च्या अहवालातच बजावलं होतं की अशा आकड्यावरून देशाचं कल्याण जोखता येणार नाही.

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याच्या उत्पन्नाचे अंदाज काढतं. तेही नोंदी आणि नमुना पाहण्यांवर उभे असतात. प्रत्येक हमालाला कुणी विचारायला जात नाही. एखाद्या वर्गानं आपल्या गल्लीपुरता हिशेब मांडून पाहावा: दुकानं, गोदामं, धाबे. स्वयंपाकघरांचं काय करायचं, हे त्यांनी आपसांत भांडून ठरवावं आणि वहीत कारणासकट लिहावं.