पाट्या वाचणारा नवखा

परक्या शहरात उतरलेला माणूस सारखा वाचत असतो. दुकानांच्या पाट्या, भाव, उघडण्याच्या वेळा, बसचे नंबर. तिथल्या रहिवाशाला याची गरज नसते. मीठ कुठं मिळतं हे त्याच्या पायांनाच ठाऊक असतं, त्यामुळे तो दुकानात रोज जातो आणि दुकान बघत मात्र नाही.

फ्रेड हर्झोग हा जर्मन तरुण १९५३ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला आला. आईवडील पोरवयातच गेलेले. पुढं त्यानं वैद्यकीय छायाचित्रकाराची नोकरी धरली, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात कॅमेरा घेऊन तो पायी हिंडत राहिला. न्हाव्यांची दुकानं, जुनापुराणा माल विकणारे, कोपऱ्यावरचे वाणी, चायनाटाउन, निऑनच्या पाट्या. व्हँकूव्हरला लोक जातात ते समुद्र आणि डोंगर बघायला. हर्झोगच्या गाजलेल्या चित्रांत या दोहोंना फारशी जागा नाही. त्याच्या चित्रांत अक्षरंच अक्षरं दिसतात. नवख्याची ती वाचायची सवय त्याची कधी सुटलीच नाही, असं मला वाटतं.

हे सगळं त्यानं कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर टिपलं. त्या काळी कलेचं छायाचित्र म्हणजे कृष्णधवल. रंग जाहिरातींसाठी आणि घरच्या वाढदिवसांसाठी. शिवाय त्या फिल्मच्या पारदर्शिकांवरून, म्हणजे स्लाइडवरून, कागदावर चांगली प्रत काढणं अवघड आणि महाग होतं. डिजिटल छपाई आली तेव्हा कुठं ते रंग कागदावर नीट उतरले. २००७ मध्ये व्हँकूव्हर आर्ट गॅलरीनं मोठं प्रदर्शन भरवलं, तोवर त्याची पंचाहत्तरी उलटली होती. दरम्यान त्या चित्रांतली कितीतरी दुकानं गेली होती.

एक गोष्ट मात्र मनात राहते. तो बहुतेकदा माणसांच्या नकळत, झटकन फोटो काढी. विचारलं असतं तर दुकानापुढचा माणूस ताठ उभा राहिला असता, केसांवरून हात फिरवला असता. चित्र बिघडलं असतं, पण त्या माणसाला स्वतःला आवडेल असा फोटो निघाला असता. हर्झोगच्या जागी मी असतो तर विचारलं असतं का? बहुधा नाही. आणि माझा फोटो कुणी असा काढला असता, तर मला राग आला असता.