‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा

साताऱ्यात आणि सांगलीत दवाखाने थाटून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, शाळेत तुम्हाला मराठी मी शिकवलं. दारावर डॉक्टर म्हणून पाटी लागली, तरी कान धरायचा माझा हक्क संपलेला नाही. आज तो मी बजावणार आहे.

गेल्या आषाढी एकादशीला आमच्या शेजारच्या आजी परसात कोसळल्या. दरदरून घाम सुटलेला, हात थरथरताहेत, बोलणं तुटक आणि भलतंच. शुद्ध होती म्हणून सुनेने पाजलेलं साखरेचं पाणी पोटात तरी गेलं. रक्तातली साखर उतरली होती. आजींनी निरंकार उपास धरला होता आणि सकाळी उठून शुगरची गोळी घेतली होती. का घेतली? कारण तुमच्यापैकीच एकाने महिन्यापूर्वी बजावलं होतं, “गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही.” आजींनी शब्द पाळला.

ती गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. खाल्लं नाही तर साखर खाली येणारच. हे तुला ठाऊक होतं, आजींना ठाऊक नव्हतं. तू ते सांगितलं नाहीस. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत दरवर्षी तुझ्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. अशा मुलखात दवाखाना चालवतोस आणि ‘आजी, उपास करता का?’ एवढं विचारायचं तुला सुचू नये?

मी जाब विचारला तेव्हा तू म्हणालास, “सर, समजलं का म्हणून मी विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या.”

या उत्तराचाच मला जास्त राग आला. वर्गात मीही सुरुवातीची काही वर्षं हेच विचारत होतो. ‘समजलं का?’ की साठ पोरं एका सुरात ‘हो सर’. आणि सहामाहीच्या पेपरात कर्मणी प्रयोगाच्या जागी भावे. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच की, सर, आता पुढे चला. मग मी तो प्रश्न विचारणंच सोडलं. एकेकाला फळ्यापाशी बोलावून त्याच्याच तोंडून सांगून घ्यायला लागलो. तुम्हीही तिथे उभे राहिला होतात. विसरलात?

आता तुमच्या ओपीडीतली म्हातारी बघा. आटपाडीहून पहाटेच्या एसटीने आलेली. बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली. तुमची मान केसपेपरात. ती ‘व्हय सायब’ म्हणणार नाही तर काय करणार? तिचं ‘व्हय’ तुमचा मान राखतं. त्यावर विसंबून उपचार करता येत नाहीत.

सांगणं राहू द्या, ऐकता तरी नीट का? ठणका, कळ, चमक, मुरडा, जळजळ, रग. दुखण्याला आपल्या भाषेत इतके शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो. तुम्ही सगळ्याला ‘दुखतं’ लिहून मोकळे होता. “छातीत दुखतं का?” असं विचारलंत तर शेतकरी ‘नाही’ म्हणेल आणि ते खरंच असेल. त्याला दुखत नाहीच. छातीवर धोंडा ठेवल्यागत दाटून येतं, बांध चढताना येतं आणि बसलं की जातं. त्याला बोलू दिलंत तर हे तो आपण होऊन सांगेल आणि त्यावरूनच हृदयाचा संशय यायला हवा. तसंच रिपोर्टचं. ‘निगेटिव्ह’ शब्द ऐकून आपल्याला काहीतरी वाईट झालंय अशा समजुतीने घरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ‘तो आजार तुम्हाला नाही’ हे सरळ वाक्य उच्चारायला काय कष्ट पडतात? जतच्या पूर्व भागात कानडी बोलतात, मिरजेला कर्नाटकातून पेशंट येतात. दहा-वीस कानडी वाक्यं पाठ करा. शाळेत तुमचं पाठांतर चांगलं होतं.

‘अडाणी लोक देवऋष्याकडे जातात’ अशी तक्रार करता. देवऋषी चुकीचंच सांगतो आणि जीव धोक्यात घालतो. पण तो माणसाला समोर बसवतो, घरदार विचारतो, त्याचं सगळं ऐकून घेतो. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव जाऊन लोकांना लोकांच्या भाषेत समजावत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांची हत्या झाली. त्यांच्या गावात तुम्ही प्रॅक्टिस करता आणि तुम्हाला दोन मिनिटं बोलवत नाही!

संमतीच्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, हेही डोक्यातून काढा. काय करणार, दुसरा मार्ग कोणता, धोका कोणता, हे पुरेसं सांगितल्याशिवाय संमती खरी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 मध्येच बजावलं आहे. औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, हा नियमही 2016 पासून आहे. शुद्धलेखनाच्या वह्या मी तपासल्या आहेत. तुमची अक्षरं अशी नव्हती.

“आमच्या वेळी संवाद शिकवला नव्हता,” असं कोणी म्हणू नये. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात तो आला हे खरं, पण समोरच्याकडे बघून बोलायला अभ्यासक्रम लागतो का? आणि वेळेची सबब तर मुळीच नको. आजींच्या उपासाची चौकशी अर्ध्या मिनिटात झाली असती. त्याऐवजी त्यांचे दोन दिवस खाटेवर गेले आणि सुनेची त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली.

उद्या सकाळी ओपीडीत बसाल तेव्हा पहिल्याच पेशंटला चिठ्ठी देण्याआधी पेन खाली ठेवा आणि म्हणा, “आजी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल? कुठली गोळी, कधी, आणि उपासाच्या दिवशी काय करायचं?” आजी अडखळल्या तर पुन्हा सांगा. त्यांच्या तोंडून बरोबर येईपर्यंत पुढच्या माणसाला आत बोलावू नका.