कान तुटलेला कप

आमच्या जालन्याच्या घरी चहा चार वाजता होतो. उन्हाळ्यात चार म्हणजे अजून भर दुपारच असते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पण चार म्हणजे चार. आई आधी खलबत्त्यात आलं ठेचते. किसत नाही. किसलेल्या आल्याचा चहा कडवट होतो असं तिचं म्हणणं आहे आणि त्यावर ती कुणाशीही वाद घालायला तयार असते. आलं, साखर आणि कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती पाण्यात चांगली उकळली की मग पत्ती, आणि दूध सगळ्यात शेवटी. आधीच घाई करून दुधात कच्चं आलं टाकलं तर दूध फाटतं. वेलदोडा फक्त पाहुणे असले तर. थंडीत दोन मिरे.

मग चहा गाळला जातो. चार कप बशांसकट ओट्यावर मांडलेले असतात, निळ्या फुलांचे. पाचवा कप मागच्या दाराशेजारच्या खिडकीत पालथा ठेवलेला असतो. त्याला बशी नाही, आणि त्याचा कान तुटलेला आहे. तो मावशींचा. मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात, मी शाळेत जायच्या आधीपासून.

तो कप मी वीसेक वर्षं पाहिला. म्हणजे डोळ्यांसमोर होता, एवढंच. घरातल्या देवघराकडे किंवा मीटरच्या बोर्डाकडे आपण जसं पाहत नाही, तसा तो खिडकीत होता. २०१३ च्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर यायचा. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून चालल्या होत्या, घरात तांब्यानं मोजून पाणी वापरायचो. तेव्हाही चार कप एका पाण्यात धुतले जायचे आणि पाचवा वेगळ्या पाण्यात. पाणी नव्हतं, पण त्या एका कपापुरतं होतं.

यातला विचित्रपणा कळायला मला पुण्याला जावं लागलं, हे सांगायला जरा लाज वाटते. निळ्या फुलांचे चारही कप मावशीच धुतात. रोज. आमच्या कपाच्या काठावरून त्यांची बोटं फिरतात, आतून-बाहेरून, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्याच काठाला त्यांचे ओठ लागायला मात्र चालत नाहीत. आई म्हणते, स्वच्छतेचं आहे. स्वच्छतेचं असतं तर आमचे कप घासायला आम्ही दुसरं कुणीतरी शोधलं असतं.

आता आईबद्दल. ती वाईट बाई नाही, आणि हे मी मुलगा म्हणून म्हणत नाही. मावशींच्या मुलीची फी तिनं दोनदा भरली आहे. मावशींना ताप आला की ती रिक्षा करून औषध पोचवते. चहाही तोच देते, तेच आलं, तेवढंच दूध. कप तर आमच्यापेक्षा काठोकाठ भरते. मी विषय काढला तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच होतं: "तिला कधी पाणचट चहा दिलाय का मी?" नाही दिला. मला उत्तर देता आलं नाही, कारण तोपर्यंत माझी समजूत अशी होती की भेदभाव करणारा माणूस तोंडावरून ओळखू येतो. इथे तर माया होती, आणि मायेसाठी एक वेगळं भांडंही होतं. मायेमुळेच ते भांडं इतकी वर्षं खटकलं नाही, असं आता वाटतं. मावशींना शिळा चहा मिळाला असता तर मी दहाव्या वर्षीच भांडलो असतो.

चहाबाबत हे होणं तसं नवलाचं आहे, कारण चहा आपल्याकडे नवा. चहा कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात गावोगाव फुकट चहा पाजून आपल्याला सवय लावली. कुठल्या जुन्या पोथीत चहाचे नियम नाहीत, असायचं कारणच नाही. तरी तो आला तसा त्याला विटाळ चिकटला. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या नामवंत मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायला, कुणी कप नुसता हाती घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, वाळीत टाकणं झालं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहावरून! शाळेत हे वाचून आम्ही हसलो होतो. हसून घरी आलो आणि चार वाजता चहा प्यायलो. खिडकीतला कप तिथेच होता.

पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना धारेवर धरलं. वाळीत पडलेल्या मित्रांच्या घरची कुचंबणा त्यांना बघवत नव्हती, हे त्यामागचं एक कारण. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहिलं आहे. पूर्वी मला ती सरळ माघार वाटायची. आता तसं ठाम म्हणवत नाही. त्याला कारण पुढे घडलेली गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी होतो. चहा मी गाळला. चारऐवजी पाच फुलांचे कप काढले, संचातला एक कपाटात पडून होता, आणि त्यातला एक बशीसकट मावशींपुढे ठेवला. मनात म्हटलं, बस, एवढंच तर करायचं होतं. मावशींनी कपाकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा कपाकडे. "ऱ्हाऊ दे बाळा," म्हणाल्या, "माझा कप कुठंय?" आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, एक शब्द बोलली नाही. मावशींनी खिडकीतून आपला कप आणला, चहा त्यात ओतला आणि पायरीवर बसून प्यायल्या. फुलांचा कप लगेच धुऊन ठेवला.

नंतर मागच्या अंगणात मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही घेतला? त्या धुणं पिळत होत्या. म्हणाल्या, "तू सोमवारी पुण्याला जाशील. मला उद्या बी यायचंय."

यावर मी बराच विचार केला, अजून करतो. मी जे केलं त्याला धाडस म्हणावं तर त्याची किंमत माझ्या खिशातून जाणार नव्हती. आईची नाराजी, ती तीन घरं सोडून असलेल्या काकूंना काय सांगेल ते, दोन महिन्यांनी "आता काम जमत नाही का तुला" असं हळूच निघालेलं वाक्य, हे सगळं मावशींच्या वाट्याला येणार होतं. मी फोटो काढून टाकला असता तर चार जणांनी शाबासकीही दिली असती. १८९० मध्ये निदान ज्यांच्यापुढे कप आला, तेच वाळीत पडले होते.

पण म्हणून गप्प बसावं का? हाही रस्ता फार सोयीचा आहे. "त्यांनाच नको होतं" हे वाक्य माझ्यासारख्यांना कायमचं पुरेल. मावशींना माझा कप नको होता हे खरं. त्यांना तुटका कप हवा होता, असं त्या कुठे म्हणाल्या? त्यांनी फक्त भांडणाची जागा बदलायला सांगितली. भांडण माझं आणि आईचं होतं, आणि ते मी मावशींच्या हातात ठेवलं होतं.

कायदा इथे फार उपयोगी पडत नाही. घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता नाहीशी केली. १९५५ च्या कायद्यात तर हॉटेलातली, धर्मशाळेतली भांडी वापरू न देणं हा गुन्हा आहे असं भांड्यांचा उल्लेख करून लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं की गोष्ट भांड्यात अडकते. हॉटेलात फरक पडला. जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांबाहेरच्या टपऱ्यांवर बिहारचा, बंगालचा, मंठ्याचा, परतूरचा कामगार एकाच ट्रेमधला ग्लास उचलतो, टपरीवाला कुणाला आडनाव विचारत नाही. पण तो ग्लास विकत घेतलेल्या चहाचा असतो. घरातला चहा आपण "देतो", आणि देणाऱ्याला वाटतं की कशात द्यायचा हेही आपणच ठरवायचं.

तेव्हापासून मी बोलतो ते आईशी, आणि मावशी नसताना. सुरुवातीला ती रडली. मग चिडली. मग एकदा स्वतःच म्हणाली की तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी तो कप दाखवला होता, तेव्हा त्याला कान होता. लग्न होऊन आली तेव्हा तिला हे पटलं होतं का, ते मी विचारलं. म्हणाली, नव्या सुनेला पटायचा प्रश्नच कुठे येतो? हे तिनं याआधी कुणालाच सांगितलं नसावं. त्या दिवशी चहा सहा वाजता झाला.

गेल्या दिवाळीत आईनं स्टीलचे सहा ग्लास आणले, एकसारखे. फुलांचे कप वरच्या कपाटात गेले. कान तुटलेला कप दिसत नाही, कुठे गेला ते मी विचारलं नाही. मावशी अजून पायरीवरच बसतात. आई मात्र आता तिचा ग्लास घेऊन दारात, उंबऱ्याच्या आत, पाटावर बसते आणि दोघी मोसंबीच्या भावाबद्दल बोलतात.

मागच्या महिन्यात ग्लास पुसून ठेवताना एक उलटा केला तर बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. बाकी पाच पाहिले, त्यांना नव्हता. तो आईनं लावला की मावशींनी, हे मला अजून माहीत नाही. ग्लास मी इतरांत मिसळून ठेवला.