श्वान, सूकर आणि हिंसेचे कर्तृत्व

रानडुकराची कुत्र्यांकरवी होणारी शिकार हे हिंसेच्या विचारातील एक विलक्षण प्रकरण आहे. बंदुकीने किंवा बाणाने मारताना मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये केवळ एक निर्जीव साधन असते. येथे मात्र दोहोंच्या मध्ये आणखी एक जीव उभा केला जातो. कुत्री वास काढतात, डुकराला झाडीतून उठवितात, पळवून दमवितात आणि शेवटी घेरून धरतात. एक कानाला झोंबते, दुसरे मागच्या पायाला. पारधी मागाहून भाला किंवा कोयता घेऊन येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला अखेरचा घाव तेवढा उरलेला असतो. पुष्कळदा तोही उरत नाही. मग त्याला म्हणता येते की, डुक्कर कुत्र्यांनी मारले आणि कुत्र्यांचा तो स्वभावच आहे. या म्हणण्यात तथ्य किती?

म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांना परिचित आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी वृक्षाखाली आसनस्थ असता, कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या मांडीखाली शिरला. कुत्री जागीच थांबली. मागून पारधी आले आणि ससा मागू लागले. तो पैजेचा ससा होता. त्याच्यापायी आपसांत शस्त्रे उपसण्याची पाळी आली आहे, हेही त्यांनी सांगितले. स्वामींनी शरण आलेला जीव परत देण्याचे नाकारले आणि रानातले गवत खाऊन जगणाऱ्या त्या प्राण्याने तुमचे काय बिघडविले, असा उलट प्रश्न केला.

या लीळेचे विवरण करताना बहुधा शरणागताच्या रक्षणावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातील कुत्र्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. कुत्री थांबली, तेथेच त्यांचा विषय संपला. त्यांना बोल नाही की उपदेश नाही. प्रश्न विचारला गेला तो पारध्यांना. ससा ज्यांच्या दातांनी फाटला असता त्यांना सोडून, ज्यांनी दोर सोडला त्यांच्याकडे कर्तृत्व गेले. पतंजलींच्या योगसूत्रांतही हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केली, दुसऱ्याकडून करविली, कोणी केली तिला मान दिला. तिन्हींना हिंसाच म्हटले आहे. कुत्रा सोडणे हे दुसऱ्या प्रकारात निःसंशय बसते. किंबहुना ते अधिक जड म्हणावे लागेल. माणसाकडून काही करविले तर तो नकार देऊ शकतो. कुत्र्याला ती मुभा नाही. जे विवेकाने थांबू शकत नाही अशा जीवाच्या स्वभावावर आपल्या इच्छेचा भार टाकणे, हा करविण्याचा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत वाईट प्रकार होय.

येथे एक सबळ आक्षेप उभा राहतो. ससा निरपराध होता. डुक्कर तसे नाही. एका रात्रीत रानडुकरांचा कळप उभे भात लोळवून टाकतो आणि कंदमुळांसाठी बांध उकरतो. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे धान्य गेले, त्याला सशाची लीळा सांगणे म्हणजे भुकेल्यापुढे पोथी ठेवणे होय. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही.

त्याचा विचार एखाद्या ठिकाणावर नजर ठेवून केला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. मीरा रोड हे नाव ऐकताच रेल्वे स्थानक आणि इमारतींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच शहराच्या पूर्व अंगाला काशीमीरा, वरसावे, चेणे, घोडबंदर ही गावे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या वनात बिबट्याबरोबर रानडुक्करही आहे. दक्षिणेस मुंबई, पूर्वेस ठाणे, पश्चिमेस बोरिवली-दहिसर, उत्तरेस वसईची खाडी. घोडबंदर रस्त्याने नागल्याचा वनखंडही मुख्य रानापासून तोडलेला आहे. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे, पण मध्ये पाणी, महामार्ग आणि वस्ती. असे चोहोंकडून कोंडलेले जनावर रानाबाहेर पाऊल टाकते, तेव्हा ते कोणाची मर्यादा मोडते? अपराध म्हणावयाचा तर मर्यादेचे ज्ञान हवे. डुकराकडून नुकसान होते हे खरे. त्यास अपराध म्हणता येत नाही. नुकसान निवारावे लागते. शिक्षा अपराधाला असते. कुत्री सोडून केलेल्या पारधीत या दोहोंची गल्लत होते, आणि निवारणाच्या नावाखाली पुष्कळदा पैजच खेळली जाते. भात कापून झाल्यावरही जी पारध निघते, ती कोणते पीक राखते?

वराहाला अवतार मानणारे त्या आधारे डुकराला वाचवू पाहतात. त्या आधाराची गरज नाही. तो जीव आहे, एवढे पुरे.

शासनाचा कायदा या बाबतीत शास्त्राच्या बराच जवळ येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकार या शब्दाच्या व्याख्येत मारणे तर आहेच, शिवाय पाठलाग करणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि त्यांचा प्रयत्न करणे हेही आहे. कुत्र्यांनी धरले नाही, डुक्कर निसटले, तरी कुत्री सोडणारा सुटत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराविषयी तोच कायदा वाट ठेवतो: अधिकाऱ्याकडे अर्ज, त्याची खात्री, मग लेखी परवानगी. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही यांच्यासंबंधी ही वाट अधिक मोकळी केली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले, तरी ती तरतूद राहिली आहे. साधकाला तीही हिंसाच वाटेल. पण तीत निदान कर्ता लपत नाही. कागदावर नाव घालून, कारण सांगून जो मारतो, तो आपल्या कर्माचा धनी होतो.

इतर देशांत हा वाद वेगळ्या अंगाने गेला. इंग्लंडने २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करविण्यास बंदी घातली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे डुक्कर मूळचे नाही, माणसाने नेलेले आहे आणि तेथील रानाला ते उपद्रवी झाले आहे. तेथे कुत्र्यांची पारध चालू आहे. अर्जेंटिनात तर १९२० च्या दशकात रानडुकरासाठीच कुत्र्याची एक नवी जात तयार करण्यात आली. म्हणजे एका जीवाला दुसऱ्याच्या नाशासाठी पिढ्यानपिढ्या घडविले गेले.

आणि त्या कुत्र्याचे काय? घेरलेल्या नर डुकराचा सुळा खालून वर फिरतो आणि पोट फाडतो. पारधीत मेलेल्या कुत्र्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. जखम डुकराला आणि कुत्र्याला. मांस किंवा मौज धन्याला. धन्यावर प्रेम करणे हाच ज्याचा दोष, त्याला त्या प्रेमापायी सुळ्यावर घालणे याला निमकहरामी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, फक्त ती यावेळी कुत्र्याची नसते.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र उरतोच. त्याच्याही दारी कुत्रे असते. मचाणाखाली, बांधावर बसलेले ते कुत्रे चाहूल लागताच भुंकते, धनी डबा वाजवितो, कळप फिरून रानाकडे जातो. कुत्रे चार उड्या पुढे जाते, आणि शीळ ऐकून परत येते.